ऐकणारी सोडून

लस्सीचा ग्लास अर्धा झाल्यावर अजिनाथ मला म्हणाला, "आम्ही उद्या पहाटेच निघतो, म्हणजे शिक्रापूरची गर्दी लागायच्या आत पुढं जाऊ." मग मिशीला लागलेली साय त्यानं रुमालानं पुसली आणि चमचा पुन्हा ग्लासात घातला. टेबलाशी तो आणि मी, दोघंच. बाहेर कापडबाजारात एक रिक्षावाला हॉर्नवर हात ठेवून बसला होता, दुकानातल्या पंख्याचं एक पातं दर फेरीला कुठंतरी घासत होतं, आणि माझ्या जिभेवर सायीचा थंड, जाड तुकडा होता, तो गिळायचा राहून गेला. काहीतरी चुकलं होतं. भातात खडा लागावा तसं. मी ते वाक्य मनातल्या मनात पुन्हा म्हणून पाहिलं. पहाटे. बरोबर, तसंच ठरलंय. निघतो. बरोबर. शिक्रापूर. बरोबर. मग मागं मागं जात पहिल्या शब्दापाशी आले. आम्ही.

मी मराठीच्या शिकवण्या घेते. म्हणजे गेल्या आठवड्यापर्यंत घेत होते. सावेडीतल्या आमच्या दोन खोल्यांमधल्या बाहेरच्या खोलीत इंग्रजी शाळांतली मुलं दुपारी येऊन बसायची. सहावीतली एक मुलगी होती, ती हमखास लिहायची, 'आई, आम्ही बाजारात जाऊ या.' मी लाल पेनानं आम्हीला गोल करायचे आणि वर लिहायचे, आपण. ती विचारायची, "पण मिस, दोन्ही वुईच ना?" मग मी फळ्यावर एक मोठं वर्तुळ काढायचे. हे बघ, आपण म्हटलं की ऐकणारा आत. आम्ही म्हटलं की ऐकणारा बाहेर. आईशी बोलतेस आणि आईला बरोबर न्यायचंय, तर आपण. आईला घरी ठेवून मैत्रिणींबरोबर जायचंय, तर आम्ही. आपण, ऐकणारा धरून. आम्ही, ऐकणारा सोडून. मुलं ते गाण्यासारखं म्हणायची. पाळण्यातली ज्ञानूसुद्धा त्या ठेक्यावर पाय हलवायची. आता अजिनाथच्या समोर बसून मला त्या मुलीसारखं विचारावंसं वाटलं, पण दोन्ही वुईच ना? कंपनीत दिवसभर मिटिंगा, दिवसभर इंग्रजी, जीभ घसरली असेल. मी साय गिळली. ती घशातून उतरेपर्यंत मी स्वतःला पटवून टाकलं होतं.

कारण दिवस फार छान चालला होता. असा दिवस पाच वर्षांत आला नव्हता. लग्न होऊन मी पारनेर तालुक्यातून नगरला आले तेव्हा म्हणाले होते, आपण सगळं नगर बघायचं, एकेक करून. मग त्याच्या पाळ्या, माझ्या शिकवण्या, मग ज्ञानू. नगर राहूनच गेलं. भाजी आणि दवाखाना एवढंच नगर. आता त्याची बदली चाकणला झाली आणि उद्या जायचं ठरलं, तेव्हा परवा श्रीगोंद्याकडून सासूबाई आल्या, सामान बांधायला. आणि आज सकाळी त्यांनीच मला म्हटलं, "जावा दोघं. येक दिस तरी मोकळ्या हातानं फिरा. पोरीला मी हाय की. वाटीत दूध काढून ठिव, मऊ भात चारते, झोपवते. तू आता मागं बघू नको." माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मुक्ताबाई, माझ्या सासूबाई, तशा बोलायला उसासारख्या, आत गोड असेल तर असेल, वरून पाचट कापतं. त्या मला फिरायला जा म्हणाल्या! अजिनाथनं दाढी केली, निळा शर्ट घातला आणि म्हणाला, "आज तू म्हणशील तिथं. तू म्हणशील ते." ज्ञानू आजीच्या कडेवरून दोन्ही हात माझ्याकडं करत होती. आठ महिन्यांत पहिल्यांदा मी तिला दिवसभरासाठी ठेवून निघाले. जिना उतरताना मला एकदम हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाची लाज वाटली.

सकाळी मिसळ खाल्ली. त्यानं माझ्या ताटलीत त्याची शेव घातली. "अजून काय खायचंय?" किल्ल्याभोवती फिरलो. खंदकाच्या कडेला बाभळी, पलीकडं काळी भिंत, आत लष्कर. भिंतीला हात लावावा असं लहानपणापासून वाटायचं, पण मध्ये खंदक. "फोटो काढू? उभी राहा. हस की." रस्ता ओलांडताना त्यानं माझा हात धरला. चारचौघांत यानं माझा हात कधी धरला नव्हता. मी बोटं तशीच ठेवली, पाखरू हातावर बसल्यावर ठेवावी तशी. "अजून कुठं जायचंय? सांग. मनात राहायला नको." सकाळी मला हे प्रेम वाटलं होतं. लस्सीनंतर मी तेच सगळं तांदूळ निवडावेत तसं ताटात पसरून बोटांनी पुढं मागं करायला लागले. मनात राहायला नको. हे कुणाला म्हणतात? बरोबर येणाऱ्या माणसाला असं म्हणतात का? माहेरून निघताना आई म्हणते तसं. आजारी माणसाला म्हणतात तसं. आणि आई. सकाळी आईचा फोन आला होता. मी पडद्यांचं सांगत होते, पुण्याच्या स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी आहे आणि तिथं मी पिवळे पडदे लावणार आहे, तर ती मध्येच म्हणाली, "जिथं राहशील तिथं चांगली राहा, बाई. घरातल्यांचं मन राख." मी म्हटलं, अगं घरात आहेच कोण, आम्ही तिघंच. ती म्हणाली, "व्हय गं," आणि फोन ठेवला. आईनं आजपर्यंत फोन आधी कधी ठेवला नव्हता.

जेवायला एका खानावळीत गेलो. शिपी आमटी मीच मागितली. काळी, झणझणीत, वर तेलाचा तवंग, त्यात बाजरीची भाकरी कुस्करायची. पहिल्याच घासाला कानापर्यंत वाफ गेली, आणि त्याच वेळी छातीत कळ आली. दूध भरायला लागलं होतं. घड्याळ बघायची गरज नव्हती. ज्ञानूची दुपारची वेळ झाली होती. अंग दगडासारखं होत जातं आणि दगडाच्या आत मुंग्या चालतात. मी ओढणी सारखी केली. "आईंना फोन लावून बघ ना, भात खाल्ला का." तो म्हणाला, "खाल्ला असेल. उगाच फोन केला तर ती तुझा आवाज ऐकून रडायला लागेल." ते खरं होतं. त्याची खरी वाक्यंसुद्धा मला आता उलटी करून बघावीशी वाटत होती. मी म्हणाले, "अरे, टेम्पोवाल्या बन्सीभाऊंना सांग, पाळणा सगळ्यात शेवटी ठेवा. म्हणजे पुण्यात उतरवताना आधी निघेल." आम्ही दोघंच असलो की मी त्याला अरे म्हणते, आईंसमोर अहो. तो आमटीत बघत म्हणाला, "हं." मी म्हणाले, "आणि पडदे वेगळ्या गाठोड्यात बांधलेत. ते हाताशी ठेवायचे." "हं." टेबलावर उपडा ठेवलेला त्याचा मोबाईल थरथरायला लागला. त्यानं उचलून बघितलं, हनुमंत, त्याच्याच कंपनीतला. तो उठून हात न धुता बाहेर गेला. खानावळीच्या दारात पाठमोरा उभा. निळ्या शर्टावर पाठीच्या मधोमध घाम. मला एवढंच ऐकू आलं, "हो, हो. आज सांगतो. आज सांगतोच रे." परत आला तेव्हा हातावरची आमटी वाळली होती. मी विचारलं नाही. विचारलं की उत्तर येतं. मी म्हणाले, "चांदबीबी महालावर जाऊ या. तेवढंच राहिलंय." जाऊ या. आपण.

पाथर्डी रस्त्यानं गाडी डोंगर चढायला लागली तेव्हा वारा गार लागत होता. दोन्हीकडं ज्वारी दाण्यात आलेली, मध्येच कुणीतरी हुरडा भाजत होतं, धुराचा हिरवट वास. त्यानं गाडी थांबवली, विचारलंही नाही, हुरडा आणि शेंगदाण्याची चटणी कागदात घेतली. मला हुरडा आवडतो हे त्याला माहीत आहे. मला काय आवडतं ते सगळं त्याला माहीत आहे, हेच तर. वर महाल. चौथीत शाळेची सहल आली होती तेव्हा आम्ही मुली ओरडत पायऱ्या चढलो होतो, राणीचा महाल, राणीचा महाल. आणि बाईंनी वर गेल्यावर सांगितलं होतं, मुलींनो, हा महाल नाही. ही कबर आहे. सलाबतखान नावाच्या सरदाराची. चांदबीबीचा याच्याशी काही संबंध नाही, पण सगळं नगर महालच म्हणतं, मग आपणही महालच म्हणायचं. बाईंनी हेही सांगितलं होतं की खाली तळघरात तो आणि त्याची एक बायको, आणि दुसरी बायको बाहेर ओट्यावर, उघड्यावर. खरंखोटं बाईंना माहीत. त्या वयात मला कबरीची भीती वाटली नव्हती. बाहेरचीला थंडी वाजत असेल का, एवढंच मनात आलं होतं.

वरच्या मजल्यावरच्या कमानीतून सगळं नगर दिसतं, पसरलेलं, धुळकट, सावेडी कुठं ते कळत नाही. अजिनाथ बोट करून दाखवत होता, ती पाण्याची टाकी, तिच्या डावीकडं आपलं घर. आपलं. माझा जीव जरा खाली बसला. पण छाती आता सहन होत नव्हती. ओढणीखाली कपडा ओला झाला होता, वाऱ्यानं तो गार होऊन अंगाला चिकटत होता. मी जरा बाजूला गेले आणि सासूबाईंना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मग शेजारच्या सविताताईंना.

"सविताताई, आमच्या आई फोन उचलत नाहीयेत. ज्ञानू झोपलीय का, जरा डोकावता का?"

"कुठं डोकावू गं? तुमच्या दाराला कुलूप हाय की."

"कुलूप?"

"टेम्पो जाऊन लई येळ झाला. सासूबाई म्होरं बसल्या डायवरपाशी, ज्ञानू मांडीवर. टाटा केला तिनं मला, ग्वाड दिसत हुती. पाळना नेला, तुझं कपाट नेलं, भांड्यांची पोती नेली. अजिनाथभाऊंची तेवढी बॅग अन् गादी ऱ्हायली. मी म्हनलं, पंकजा कुठाय, तर म्हनल्या ती मागनं येतीया, गाडीवर, गावाला." मग सविताताई थांबल्या. त्यांच्या मागं कुकरची शिट्टी झाली. "का गं? तुला म्हाईत न्हाई व्हय?"

"माहीत आहे," मी म्हणाले. "माहीत आहे. विसरलेच होते."

फोन खाली घेतल्यावरसुद्धा मी तशीच उभी होते. शेजारच्या बाईसमोर लाज राखायला मी किती पटकन खोटं बोलले, याचंच मला नवल वाटत होतं. म्हणजे हे इतकं सोपं असतं. तो कमानीत पाठमोरा उभा होता, कागदातला हुरडा तसाच हातात. मी म्हणाले, "ज्ञानू कुठंय?" त्यानं काय झालं असं विचारलं नाही. त्यावरूनच सगळं कळलं.

"पोचली असेल आता. घरी."

"कुणाच्या घरी?"

"आपल्याच गं. गावाला." मग तो भराभर बोलायला लागला, पाठ केल्यासारखा. बाबांना झटका आल्यापासून उठवायला बसवायला माणूस लागतं. आईच्या कमरेनं होत नाही. दादा-वहिनी वेगळे निघाले. "वर्ष, फार तर दीड वर्ष. मी येईन की दर शनिवारी. ज्ञानूलाही मोकळी हवा."

"आणि पुण्याची खोली? खिडकी?"

"हनुमंत येतोय राहायला. अन् त्याचा मावसभाऊ. आम्ही तिघं…" तो थांबला. त्यालाही तो शब्द आता ऐकू आला असावा.

"कधी ठरलं हे?"

"संक्रांतीच्या आधी."

संक्रांतीनंतर मी पडदे शिवले होते. तो शेजारी बसून कापडाची टोकं धरत होता. मी म्हणत होते, सरळ धर, तिरकं जाईल. तो सरळ धरत होता. मी दातानं दोरा तोडला तर म्हणाला होता, कात्री घे ना, दात दुखतील. ते सगळं माहीत असताना. मी तो प्रसंग पुन्हा पुन्हा बघितला. त्याचे दोन्ही हात, पिवळं कापड, माझी मान खाली. त्याचा चेहरा मला आठवत नव्हता, कारण मी शिवणीकडं बघत होते.

"मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू गेली असतीस गावाला?"

"नसते गेले."

"मग?" तो म्हणाला, खरोखरच विचारल्यासारखा. "मग कसं सांगायचं?"

"माझ्या आईला माहीत होतं." मी विचारलं नव्हतं, पण तो खाली बघायला लागला. "त्यांना विचारल्याशिवाय कसं करणार," तो म्हणाला. मला सोडून सगळ्यांना विचारलं होतं. मी ते सगळं वर्तुळ बघितलं. आत आई, आत सासूबाई, आत हनुमंत आणि त्याचा मी न पाहिलेला मावसभाऊ, टेम्पोवाले बन्सीभाऊसुद्धा आत. आणि आजची मिसळ, खंदक, लस्सी, रस्ता ओलांडताना धरलेला हात. "टेम्पो भरायला मी घरात नको होते," मी म्हणाले. "म्हणून फिरवलंस."

"न्हाई गं." त्याची बोली घसरली की तो खरं बोलत असतो, हे मला माहीत आहे. "तुला हौस हुती. पाच वर्षं म्हणत हुतीस. मला वाटलं, येक दिस तरी… दोन्ही हुतं, पंका. खरंच दोन्ही हुतं."

त्यानं नुसतंच फसवलं असतं तर बरं झालं असतं. दोन्ही होतं यावर माझा विश्वास बसला, आणि तेच मला सोसेना. हुरड्याचा कागद त्यानं कमानीत ठेवला होता, वाऱ्यानं एकेक दाणा खाली जात होता. मला आमची चांदी गाय आठवली. मी आठवीत असताना वडिलांनी ती विकली. टेम्पो दारात आला, फळी लावली, पण चांदी काही केल्या चढेना. पुढून ओढलं, मागून ढकललं, पाय रोवून उभी. मग घेणाऱ्या माणसानं हसत तिचं वासरू उचललं, आधी ते टेम्पोत ठेवलं आणि नुसता बाजूला उभा राहिला. चांदीनं एकदा आमच्या घराकडं बघितलं आणि आपली आपण फळीवर चढली. कुणी हात लावला नाही. वडील म्हणाले होते, बघ कशी शहाण्यासारखी गेली. मी पायऱ्या उतरायला लागले. ओट्यावरची ती एकटी कबर डाव्या हाताला होती. तिच्याकडं न बघता मी गाडीपाशी जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "चल. माझ्या पोरीकडं चल."

नगरमधून दौंड रस्त्याला लागलो. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही, मागची कांब धरून बसले. प्रत्येक खड्ड्याला छातीतून कळ जायची. दूध आपलं आपण गळत होतं, कपडा भिजत होता, वाळत होता, पुन्हा भिजत होता. आंबूस गोड वास माझ्याच नाकात येत होता. पुढं पुढं उसाच्या ट्रॉल्या लागल्या, एकामागं एक, वरून उसाची टोकं हलत होती, मग कारखान्याचा मळीचा वास आला आणि दोन्ही वास एक झाले. तो मध्येच आरशातून मला बघत होता. एकदा म्हणाला, "पाणी पिणार का?" सकाळच्याच आवाजात. अजून काय खायचंय, अजून कुठं जायचंय, पाणी पिणार का. मला रडायला येईल असं वाटलं होतं, पण सगळं पाणी दुसऱ्याच वाटेनं चाललं होतं.

कालव्याच्या कडेला त्यांची वस्ती. दिवेलागणीची वेळ. टेम्पो अंगणात उभा होता, अर्धा उतरवलेला. माझं कपाट गोठ्याच्या भिंतीला लावून ठेवलेलं, आरशात म्हैस दिसत होती. पाळणा पडवीच्या तुळईला टांगूनही झाला होता. गाडी बंद व्हायच्या आत मला ज्ञानूचं रडणं ऐकू आलं, घसा बसलेलं, थांबून थांबून. मी पळत गेले, तिला सासूबाईंच्या हातातून घेतलं आणि तिथंच जोत्यावर बसून पदरासारखी ओढणी घेतली. तिनं तोंड लावलं. डोळ्यांपुढं काजवे चमकले इतकं दुखलं, आणि मग सुटलं. ती घटाघटा पीत होती, मध्येच हुंदका देत होती, एका मुठीत माझा कपडा घट्ट धरून.

सासूबाई समोर बसल्या. "आली बघ आई. म्हनलं न्हवतं?" हे ज्ञानूला. मग मला, "राग आला व्हय? येऊ दे. मला बी आला हुता. अजिनाथच्या बापानं माज्या म्हायेरावरनं मला आसंच आनलं. थोरलं लेकरू म्होरं नेलं, मी मागनं चालत. मग काय, लागले कामाला." त्यांच्या आवाजात लाज नव्हती, कुरघोडीही नव्हती. भाकरी कशी थापायची ते सांगावं तसं सांगत होत्या. मला त्यांचा हेवा वाटला आणि भीती वाटली, की वीस वर्षांनी मीसुद्धा कुणाला तरी असंच सांगत असेन.

तेवढ्यात पडवीच्या कोपऱ्यातल्या खाटेवरून सासऱ्यांचा आवाज आला. झटक्यानंतर त्यांचं बोलणं अर्ध्या तोंडातून येतं. "कोन… पंका का? आली व्हय. बरं केलंस… जान्याआदी भेटाया आलीस." ते हसायचा प्रयत्न करत होते, एकच गाल वर गेला. "पुन्याला… कवा निघताय? खिडकी हाय म्हन की… चांगली."

दिवाळीत मीच त्यांना त्या खिडकीचं सांगितलं होतं. सासूबाई पटकन म्हणाल्या, "पडा तुमी गप." मी अजिनाथकडं बघितलं. तो अंगणात उभा राहून बुटाच्या टोकानं माती उकरत होता. ज्यांच्या नावावर हे सगळं चाललं होतं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी मला मागितलं नव्हतं. त्यांनीही वर्तुळाबाहेर राहूनच दिवस काढला होता, माझ्यासारखाच, फक्त खाटेवर पडून.

ज्ञानूनं दुसऱ्या बाजूला तोंड लावलं. ती पिऊन होईपर्यंत मी हलले नाही. मग तिला खांद्यावर घेतलं, ढेकर आला, आणि चहाचा कप घेऊन बसलेल्या टेम्पोवाल्याला म्हणाले, "बन्सीभाऊ, तुम्ही परत नगरलाच जाणार ना?"

"व्हय ताई. मोकळाच."

"मोकळे नका जाऊ. पाळणा सोडा. मला तेवढाच पुरे. आणि त्या पोत्यातलं एक, ज्यात कुकर आहे ते." सावेडीच्या खोल्यांची किल्ली माझ्या पर्समध्ये होती. एक किल्ली आईंकडं, एक माझ्याकडं. उद्या मालकांना द्यायची होती. आता नव्हती द्यायची. दुपारी मुलं यायची ती पुन्हा येतील, सविताताई भिंतीपलीकडं आहेत. त्यापुढचं मला दिसत नव्हतं, आणि न दिसण्याची पहिल्यांदाच भीती वाटत नव्हती. बन्सीभाऊ अजिनाथकडं बघायला लागले. मी स्वतःच एका हातानं पाळण्याची गाठ सोडायला लागले. ती घट्ट बसली होती. बन्सीभाऊंनी कप खाली ठेवला.

"अगं ये, खुळी का काय!" सासूबाई उठल्या. "लेकरू घिऊन येकली कुठं ऱ्हातीस? लोक काय म्हंत्याल? आन् ह्यांना कोन उठवील?"

"शनिवारी येईन मी, आई," मी म्हणाले. "दर शनिवारी." अजिनाथनं मान वर केली.

"पंका, ऐक," तो पुढं आला. "आपण आज राहू. सकाळी बसून बोलू. आपण दोघं ठरवू काय ते. आपण…" दिवसभर ज्या शब्दासाठी मी वाक्यं उलटीपालटी करत होते तो आता ओंजळ भरभरून देत होता. मी त्याच्याकडं बघितलं. निळा शर्ट, मिशी, दमलेले डोळे. माझा नवरा. मला त्याच्या कपाळावरची धूळ पुसावीशी वाटली, अजूनही.

"आम्ही जातो," मी म्हणाले.

"येतो म्हन!" सासूबाई जवळजवळ ओरडल्या. "दिवेलागनीला जातो म्हनू ने गं. येतो म्हन."

मी खाटेपाशी गेले. ज्ञानूला वाकवून सासऱ्यांच्या पायाला तिचा हात लावला. "येते, बाबा." त्यांनी चांगला हात वर केला. "खिडकीत… तुळस लाव," ते म्हणाले.

केबिनमध्ये बसले. ज्ञानू मांडीवर झोपायला लागली होती. बन्सीभाऊंनी गाडी चालू केली तेव्हा अजिनाथ धावत खिडकीशी आला. त्याच्या हातात पिवळं गाठोडं होतं. उतरवलेल्या सामानातून काढलं असावं. "पडदे राहिले तुझे," तो म्हणाला. त्यानं ते वर धरलं, दोन्ही हातांनी, सरळ.

सासूबाई मागं उभ्या होत्या, म्हणून मी अहो म्हणाले.

"राहू द्या अहो. माप तिकडच्या खिडकीचं आहे. तुम्हा तिघांना होतील."